भासऱ्यांच्या चंचीतला कम्प्युटर

आमच्या भासऱ्यांचं नाव केवळराम. हे नाव मी आयुष्यात पहिल्यांदा घेते आहे, आणि तेही कागदावर. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, त्यांच्याशी समोरासमोर बोलायचं नाही, त्यांच्या हातात आपल्या हाताने वस्तू द्यायची नाही, असा आमच्याकडचा रिवाज. लिहायला मात्र कुणी मना केलेलं नाही. घरात लिहिणारी सून येईल असं रिवाज घालणाऱ्यांना वाटलं नसावं. मी बी.एस्सी. आहे.

बावीस वर्षं आम्ही एका घरात राहतो. बोलणं अडलं असं कधी झालं नाही. मध्ये माझे यजमान अश्विन असतात, जाऊबाई असतात, कुणीच नसलं तर दार असतं. मी स्वयंपाकघरातून म्हणते, "दारा, ताट वाढलं म्हणावं." ते ओसरीवरून म्हणतात, "दारा, भाजीत मीठ नाही म्हणावं." वस्तू द्यायची असली तर मी उंबरठ्यावर ठेवते, ते उचलतात. माझी मंजू लहान होती तेव्हा तिला वाटायचं, दाराला खरंच ऐकू येतं. एकदा तिने दाराकडे सायकल मागितली होती. भासऱ्यांनी आणून दिली.

भासरे आमच्या गावचे पाणकर. गाव सडक अर्जुनीपासून आठ किलोमीटर आत. गावाचं तळं आमच्या पूर्वजांनी बांधलं, हे आमचे लोक प्रत्येक लग्नात एकदा तरी सांगतात. त्या तळ्याचं पाणी कोणत्या बांधीला, म्हणजे भाताच्या खाचराला, कधी आणि किती वेळ द्यायचं हे पाणकर ठरवतो. भासरे एकतीस वर्षं हे करत आहेत. सकाळी कुदळ खांद्यावर टाकून पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, जातात, तुडुमाची खुंटी वर ओढतात आणि पाटातून निघालेल्या पाण्यासोबत शेवटच्या बांधीपर्यंत चालत जातात. तुडूम म्हणजे तळ्याच्या पोटातून पाणी बाहेर सोडायची मोरी. पाण्याच्या पुढे जायचं नाही आणि मागे राहायचं नाही, असं त्यांचं चालणं. बाजारातही ते तसेच चालतात. म्हणून आमच्या जाऊबाई, यशोदाबाई, त्यांच्यासोबत बाजाराला जात नाहीत. "त्याच्यापरस म्हशीच्या मागून गेलेलं बरं," म्हणतात.

आता ते तुडूम कुजलं आहे. निम्मं पाणी वाटेतच भलतीकडे जातं आणि शेवटच्या वीस-बावीस बांध्यांना पोचत नाही. यंदा आमच्या भागातल्या एकाच तळ्याची दुरुस्ती व्हायची होती. आमच्या की पलीकडच्या गावाच्या, हे पाटबंधारे खात्याचे साहेब एका शनिवारी ग्रामपंचायतीत येऊन ठरवणार होते. भासऱ्यांचे गुडघे गेले आहेत, पुढच्या वर्षी ते पाणकी सोडणार. "नवं तुडूम पाहून सोडीन," असं ते म्हणायचे. "नाही तं लोकं मले या गळक्याच्या नावानं आठवतीन." हे मात्र ते दाराला नाही, भेटेल त्याला सांगत होते.

पाणी कुठे मुरतं हे त्यांना ठाऊक होतं. सगळे पाट त्यांनी पावलांनी मोजले होते आणि जुन्या कॅलेंडरांच्या मागच्या बाजूला लिहून ठेवले होते. मंजू नागपूरला कम्प्युटर इंजिनिअरिंग शिकते. मागच्या दिवाळीत तिला ती कॅलेंडरं सापडली आणि तिने त्यांचा कम्प्युटरवर नकाशा करायला घेतला. तिसऱ्या दिवशी ती डोकं धरून बसली.

"मोठेबाबा, हा पाट जाताना चारशे पावलं आहे आणि येताना चारशे साठ. असं कसं?"

"जातानी उपाशी होतो," भासरे म्हणाले. "येतानी तुकारामाच्या घरी जेवलो."

पोट भरलं की त्यांचं पाऊल आखूड पडतं, हे त्यांनाही तेव्हाच कळलं. मग महिनाभर त्यांनी सगळे पाट पुन्हा मोजले, न जेवता. जाऊबाईंचा महिना वाईट गेला.

नकाशा सुरेख झाला. एकेक पाट वेगळा दाखवता येतो, मोठा करता येतो, कुणाच्या बांधीत किती पाणी जातं ते रंगाने कळतं. कागदावर छापून पाहिला तर विंचरलेल्या केसांचा गुंता दिसत होता. अडचण एवढीच की तो मंजूच्या लॅपटॉपवर होता आणि लॅपटॉप तिच्यासोबत नागपूरला जाणार होता. गावातल्या कम्प्युटरांत तो नकाशाचा प्रोग्राम नाही, आणि ग्रामपंचायतीचा ऑपरेटर छोटेलाल आपल्या कम्प्युटरात कुणाला काही टाकू देत नाही. आपल्या बैलाला दुसऱ्याने हात लावावा तसं त्याला वाटतं.

तेव्हा मंजूने एका पेनड्राइव्हमध्ये अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम भरली. नकाशा आणि त्याचा प्रोग्रामही त्यातच. "मोठेबाबा, कुठलाही कम्प्युटर असू द्या. हे खोचून चालू केला की तो स्वतःचं सगळं बाजूला ठेवतो आणि तुमचा होतो. काढून घेतलं की पुन्हा आपल्या मालकाचा. त्याच्यातलं काहीच बिघडत नाही."

भासऱ्यांनी पेनड्राइव्ह उलटासुलटा पाहिला आणि कमरेच्या चंचीत, पानसुपारी, कात आणि चुन्याच्या डबीशेजारी ठेवून दिला. "म्हंजे आता माया कम्प्युटर चंचीत."

"आणि डोस्कं कोठी ठेवलं?" जाऊबाईंनी आतून विचारलं.

मला त्या रात्री झोप आली नाही. अंधारात सुपारी समजून ते पेनड्राइव्ह अडकित्त्यात धरतील असं सारखं डोळ्यासमोर येत होतं. सकाळी मी दाराला सांगितलं, "त्याले लाल दोरा बांधा म्हणावं, आणि वेगळ्या कप्प्यात ठेवा म्हणावं." त्यांनी दोरा बांधला. कप्पा तोच राहिला.

पहिली परीक्षा ग्रामपंचायतीच्या कम्प्युटरवर झाली. छोटेलालने मोठ्या नाराजीने खोचू दिलं. कम्प्युटर नेहमीसारखा चालू झाला, नेहमीसारखी हिरवी टेकडी दाखवली आणि गप्प बसला. भासरे घरी आले, चपला काढल्या.

"दारा, त्यायले सांग मनावं, त्या कम्प्युटरनं ओळखच नाही देली."

मी मंजूला फोन लावला. ती म्हणाली, "आई, ते जुनं मशीन असणार. मी पेनड्राइव्ह नव्या पद्धतीने बनवला. जुन्या मशीनला तो वाचताच येत नाही, त्याला जुन्या पद्धतीचा लागतो." मी हे दाराला सांगितलं. नवं, जुनं, मशीन कोणत्या बाजूने सुरुवात शोधतं, सगळं. ओसरीवर बराच वेळ सुपारी कातरल्याचा आवाज येत होता.

"म्हंजे वरच्या बांध्यायले वरचं तुडूम, खालच्यायले खालचं," भासरे म्हणाले. "पाणी तं एकच. मंग त्या पोरीले सांग मनावं, एकाच तळ्याले दोन तुडूम काढ. ज्याले जे लागन ते घेईन."

मी फोनवर तसंच सांगितलं. "आई, आम्हाला हे सरांनी दोन तास शिकवलं होतं," मंजू म्हणाली. पुढच्या रविवारी येऊन तिने पेनड्राइव्ह दोन्ही पद्धतींचा करून दिला. पंचायतीच्या कम्प्युटरने ओळख दिली. छोटेलाल दिवसभर जेवला नाही.

मग भासऱ्यांना छंदच लागला. प्रत्येक कम्प्युटरचं दार उघडायचं बटण वेगळं. शाळेतल्याला एफ-बारा, राइस मिलमधल्याला एफ-नऊ, पंचायतीतल्याला एफ-अकरा, आणि तेही चालू होता होता नेमक्या क्षणी दाबायचं. अश्विन त्यांना गाडीवर घेऊन जायचे, परत आल्यावर मला सांगायचे आणि मी वहीत लिहायचे. मंजूने फोनवर सांगितलेल्या अडचणी आणि उपायही त्याच वहीत. वही माझ्याकडे, पेनड्राइव्ह त्यांच्याकडे, आणि मध्ये उंबरठा.

कामठ्याला एका नातेवाइकाच्या लग्नात फोटोवाल्याने लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडून ठेवला होता. तो जेवायला गेला आणि भासऱ्यांना राहवलं नाही. नवरानवरीच्या जागी पडद्यावर दहा मिनिटं आमच्या गावचे पाट वाहत होते. वऱ्हाडी खाली बसले. कुणाला तरी आपली बांधी सापडली. नवरदेवाचे मामा उठून म्हणाले, "अरे, माया बांधीत एवढंच पाणी काऊन?" आणि तिथेच भांडण सुरू झालं. नवरी एकटी स्टेजवर बसून राहिली. तिची आई माझ्याकडे अशी पाहत होती की मला दोन दिवस ताप भरला.

तरी एक बरं झालं. शनिवारची तयारी पक्की झाली. पंचायतीचा कम्प्युटर, एफ-अकरा, सहा वेळा करून पाहिलं, सहाही वेळा चालू झाला.

आणि शनिवारी सकाळी आम्ही पंचायतीत गेलो तर टेबलावर नवा कम्प्युटर.

सरपंच रुख्माबाई म्हणाल्या, "साहेब येऊन राहिले, आणि आपला डब्बा असा पिवळा पडलेला. मी म्हटलं, इज्जतीचा सवाल आहे. काल संध्याकाळी आणला. जुना अंगणवाडीत देऊन टाकला."

नव्या कम्प्युटरची पूजा झाली होती. हार होता, समोर फोडलेला नारळ होता, पडद्यावर स्वस्तिक होतं आणि डब्यावर हळदकुंकू. छोटेलाल नवा शर्ट घालून शेजारी उभा होता. अश्विन ट्रॅक्टरचं टायर बदलायला सडक अर्जुनीला गेले होते. जाऊबाई घरी साहेबांचा स्वयंपाक करत होत्या. मंजूची अकरा ते एक परीक्षा, फोन बंद. तरी मी तिला फोन लावलेच.

साहेब अकराला आले. पलीकडच्या गावाने आधी आपलं तळं दाखवलं, मोबाइलवर काढलेले फोटो. त्यात तळ्यापेक्षा सरपंचच जास्त होते. मग साहेब म्हणाले, "तुमच्याकडे कोणी नकाशा केला आहे ना? दाखवा."

भासरे उठले. कमरेची चंची सोडली, अडकित्ता बाजूला केला, लाल दोरा धरून पेनड्राइव्ह ओढून काढला, धोतराला पुसला. समोरच्या भोकात खोचला. आत जाईना. जोर लावला तेव्हा अर्धा गेला. एफ-अकरा दाबला. कम्प्युटरने स्वतःचं सगळं निवांत चालू केलं.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

मी मागे बायकांत बसले होते. तिथून मला दिसलं, कीबोर्डवर अक्षता पडल्या होत्या, आणि डब्याच्या पुढच्या भोकांत कुंकवाचा चिखल आणि तांदूळ. छोटेलालने पूजा मनापासून केली होती. मी पुढे सरकून त्याला हळूच म्हटलं, "छोटेलालभाऊ, त्यांना पाठीमागच्या भोकात लावायला सांगा ना."

"ताई, मेरे को मत बोलो," तो म्हणाला. "नया मशीन है. कुछ हुआ तो मेरी नौकरी जाएगी."

रुख्माबाई साहेबांच्या पलीकडे. मध्ये कुणी नाही. दारही लांब होतं. भासरे पेनड्राइव्ह हातात घेऊन उभे होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. एकतीस वर्षं ज्या माणसाने गावाला पाणी वाटलं तो सगळ्यांसमोर असा उभा, हे मला पाहवेना. मी पदर डोक्यावर घेतला, दोन पावलं पुढे गेले आणि कम्प्युटरकडे पाहून मोठ्याने म्हणाले,

"कम्प्युटरा, तुझ्या समोरच्या तोंडात तांदूळ आहे. मागच्या तोंडानं घे म्हणावं."

भासऱ्यांनी मान वळवली नाही. डबा फिरवला आणि पेनड्राइव्ह मागे खोचला. सरळ आत गेला.

"कम्प्युटरा, आता बटण कोणतं म्हंतेत ते इचार," ते म्हणाले.

"कम्प्युटरा, एफ-बारा करून पाहा म्हणावं."

यादी आली, पेनड्राइव्हचं नाव आलं, आणि त्यावर टेकवलं तसा पडदा काळा होऊन लाल अक्षरं उमटली. छोटेलालने वाचली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "सिक्युरिटी का उल्लंघन लिखा है मॅडम. पुलिस का मामला है."

रुख्माबाई उठूनच उभ्या राहिल्या. मी वही उघडली. पान सापडेना. आधी दुधाचा रतीब, मग मंजूच्या खोलीच्या मालकिणीचा नंबर, मग तेराव्या पानावर मंजूचं वाक्य: नव्या मशीनने लाल अक्षरांत नाकारलं तर घाबरू नको, आई. त्याच्या आत राखणदार असतो, ओळख नसलेल्याला आत सोडत नाही. त्याचं नाव सिक्युअर बूट. त्याला थोडा वेळ सुट्टी द्यायची.

"कम्प्युटरा," मी म्हणाले, "बंद करून चालू हो. एफ-दोन दाब म्हणावं. आत सिक्युअर बूट लिहिलेलं सापडते का?"

"कम्प्युटरा, लई बारीक अक्षर आहे. कोण्या बाजूले?"

"कम्प्युटरा, वरून तिसरं पान म्हणावं."

"सापडलं मनावं."

"बंद कर म्हणावं. मग एफ-दहा. मग पुन्हा एफ-बारा."

एवढा वेळ साहेब कधी माझ्याकडे, कधी भासऱ्यांकडे, कधी कम्प्युटरकडे पाहत होते. ते छोटेलालकडे वाकले. "हा आवाजावर चालतो का?"

छोटेलालने एक क्षण विचार केला. "हो जी साहेब. नया मॉडेल है."

"मराठीत?"

"मराठीतच, साहेब."

तेवढ्यात नकाशा उघडला. तळं, तुडूम, पाट, निळ्या रेघा, आणि शेवटी वीस-बावीस बांध्या कोरड्या पिवळ्या. बायकांतून आवाज आला, "ते पाह्य, माही बांधी." साहेब खुर्ची पुढे ओढून पडद्याजवळ आले. घसा साफ केला आणि कम्प्युटरला म्हणाले, "तुडूम मोठं करून दाखवा."

कम्प्युटर ढिम्म.

"सर, घरच्या माणसाचंच ऐकते," छोटेलाल म्हणाला.

भासऱ्यांनी माउसने तुडूम मोठं केलं. मग पुढचा अर्धा तास साहेब विचारत होते आणि ते सांगत होते. पाणी कुठे फुटतं, कोणत्या वळणावर मुरतं, किती पावलांवर. एका ठिकाणी साहेबांनी बोट ठेवलं. "ही तुटक रेघ कसली? पाट तर इथे संपतो."

"ते पानठेल्यावर जाते," भासरे म्हणाले. "पोरीनं इचारलं, रोज कोठी कोठी जाता, तं सांगतलं."

साहेब हसले, पण लगेच गंभीर झाले. "पावलांनी मोजलेलं आहे. मला खात्री करावी लागेल. मंगळवारी येतो, कोणतेही तीन पाट मी निवडीन, माझ्यासमोर मोजायचे. जुळले तर तुमचं तळं."

"या जी," भासरे म्हणाले. "पण न जेवता या."

एक वाजून पाच मिनिटांनी मंजूचा फोन आला. माझे चौदा कॉल पाहून तिला वाटलं, घरात कुणी गेलं. ती रडत होती. मी तिला सांगितलं, सगळे आहेत, नकाशा उघडला. मग ती माझ्यावर ओरडली. माझ्या जिवाला बरं वाटलं. तिला पेपर कसा गेला ते विचारायचं राहिलंच.

मंगळवारी साहेब खरंच उपाशी आले, आणि सोबत टेपही आणली. तीन पाट मोजले. दोन पाट नकाशाशी तंतोतंत जुळले. तिसऱ्यात अकरा पावलांचा फरक निघाला. साहेबांनी भुवया वर केल्या. भासरे खाली बसले, गुडघा चोळला, आठवून आठवून थकले. शेवटी बांधावरून जाऊबाई म्हणाल्या, "त्या दिवशी चोरून मुरमुरे खाल्ले होते. मले मालूम आहे. खिशात सापडले."

साहेबांनी तेही लिहून घेतलं, आणि खाली आमच्या तळ्याचं नाव टाकलं. नव्या तुडुमाचं काम उन्हाळ्यात सुरू होईल. सोबत त्यांनी विचारलं आहे की आवाजावर चालणारा तो कम्प्युटर कुठून घेतला, त्यांच्या ऑफिसलाही हवा आहे. रुख्माबाईंनी अजून उत्तर दिलेलं नाही.

संध्याकाळी मी भाकरी करत होते. भासरे ओसरीवर आले, चंची उघडल्याचा आवाज झाला आणि उंबरठ्यावर काहीतरी ठेवलं गेलं. लाल दोरा दिसला.

"दारा," ते म्हणाले, "हे आता त्यायच्या पाशी राहू दे मनावं. माया चंचीत काताचा डाग पडून राहिला. आणि ते वही मोठ्या अक्षरात लिहून दे मनावं. बटणायचं चित्र काढून. पुढचा पाणकर कोण्या कम्प्युटरपाशी उभा राहीन, काय माहीत."

"दारा, उद्यापर्यंत देते म्हणावं," मी म्हणाले.

"घाई नाही मनावं." त्यांनी चंची पुन्हा कमरेला खोचली. "आणि दारा, भाजी आज चांगली झाली मनावं."

भाजी अजून चुलीवर होती, कुणी खाल्ली नव्हती. पण दाराशी वाद कोण घालणार?

म्हणून आता बारा वाजून गेलेत आणि मी जागी आहे. वही उतरवून झाली. एफ-बारा, एफ-नऊ, एफ-अकरा, प्रत्येक बटणाभोवती चौकोन काढला, शाळेच्या मशीनपुढे शाळा आणि मिलच्या मशीनपुढे तांदळाचं पोतं काढलं. राखणदाराला मिशा काढल्या. मंजूला दाखवलं तर हसेल, पण ती झोपली असेल. झोपली असेल ना? शेवटच्या पानावर मी माझ्याकडून एक ओळ वाढवली आहे. ती मंजूने सांगितलेली नाही, तिच्या सरांनाही माहीत नसणार: पूजा करायची असेल तर आधी सगळी भोकं झाकून घ्यावीत, आणि अक्षता लांबून टाकाव्यात.